आंबा विमानात, चूक कागदात : ‘ई-एअर वेबिल’ अचूक का हवे?

पूर्णगड (जि. रत्नागिरी), प्रतिनिधी - मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगड आणि शेजारच्या पावस परिसरातील हापूस परदेशी जायचा, तर साधारणतः वाशी आणि मुंबई विमानतळ हाच त्याचा मार्ग. फळाची प्रतवारी बागायतदार डोळ्यांत तेल घालून करतो. मात्र फळासोबत जाणारी माहिती तितकीच निवडून घेतली जाते का, यावर पेटीचे भवितव्य अवलंबून असते.

मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया करून अमेरिकेला पाठविलेल्या आंब्याच्या १५ खेपा तेथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. कारण कीड नव्हते. प्रक्रियेचे ‘पीपीक्यू २०३’ हे प्रमाणपत्र चुकीच्या पद्धतीने दिले गेल्याचा ठपका अमेरिकी यंत्रणेने ठेवला होता. माल परत आणणे परवडणारे नसल्याने तो तेथेच नष्ट करावा लागला. नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे असल्याचे सांगण्यात आले. हे प्रमाणपत्र म्हणजे वेबिल नव्हे. परंतु नाशवंत मालाला कागद दुरुस्त होईपर्यंत थांबता येत नाही, हा धडा दोन्हींना लागू पडतो.

ई-एअर वेबिल म्हणजे काय?

एअर वेबिल हा माल पाठविणारा व विमान कंपनी यांच्यातील वाहतुकीचा करार. १९९९ च्या माँट्रियल कराराने कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीस मान्यता दिली. भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेने १ जानेवारी २०१९ पासून ई-एअर वेबिल हीच मूळ पद्धत मानली. कागदावरील चूक पूर्वी काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या नजरेस येई. आता संदेश थेट संगणकातून संगणकाकडे जातो आणि चूकही तितक्याच वेगाने पुढे सरकते.

क्रमांकातील मेख

वेबिलचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले ३ अंक विमान कंपनीचे, पुढील ७ अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळणीचा. अनुक्रमांकास ७ ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे हा अंक. उदाहरणार्थ, १२३४५६७ ची बाकी ५. मात्र ० ऐवजी ७, १ ऐवजी ८ किंवा २ ऐवजी ९ पडल्यास बाकी बदलत नाही आणि चूक निसटते. म्हणून संगणकाने क्रमांक स्वीकारला तरी तो मूळ नोंदीशी ताडून पाहावा.

काय तपासावे?

* मालाचे वर्णन : नुसते ‘फळे’ लिहू नये, ‘ताजे आंबे’ असे स्पष्ट लिहावे. युरोपीय संघाच्या ‘आयसीएस-२’ प्रणालीत १ मार्च २०२३ पासून हवाई मालाची आगाऊ माहिती, किमान सहा अंकी एचएस संकेतांकासह (आंब्यासाठी ०८०४५०), द्यावी लागते.
* पेट्या व वजन : बीजक, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि वेबिल यांतील आकडे एकच असावेत.
* आकारमान : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागल्यास आकारमानाचे वजन किलोत मिळते. हे व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारतात.
* नाव व पत्ता : पाठविणारा व घेणारा यांचा संपूर्ण पत्ता, पिनकोडसह द्यावा. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे.

वेबिल बहुधा एजंट भरत असला, तरी त्यातील तपशील खरा असण्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्याची असते. त्यामुळे पेट्यांची संख्या, वजन आणि बागेचा नोंदणी क्रमांक फोनवरून तोंडी न सांगता लेखी कळवावा आणि संदेश रवाना होण्यापूर्वी वेबिलचा मसुदा मागवून स्वतः वाचावा, हेच हिताचे.