ओबीच्या ढिगाखालची काळी माती



मागच्या आठवड्यातल्या पावसात खदानीच्या ओबीच्या ढिगावरून वाहून आलेला गाळ नाल्यातून माझ्या वावरात शिरला. खालच्या धुऱ्याकडच्या सोयाबीनच्या सात ओळी राखाडी चिखलात गेल्या. ओबी म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती-दगड. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वरोरा-भद्रावतीकडे लहान पोरालाही हा शब्द माहीत असतो. पंचनामा होईल तेव्हा होईल. पण खदानवाल्याची जबाबदारी कुठून सुरू होते न् कुठं संपते, हे एकदा जुन्यापासून लावून पाहावं म्हटलं.

वरोऱ्याची खदान इंग्रज सरकारनं १८७० च्या दशकात चालू केली, १९०६ मध्ये बंद केली. तवर १९०१ चा खाण कायदा आला होता, पण तो मजुराच्या जिवापुरता. वरचं वावर खचलं, विहीर आटली, तर त्याचं काय, हे त्यात नव्हतं. कोळसा संपला की माणसं पुढच्या खदानीवर.

तेव्हाचं काम भुयारी होतं, म्हणून वरची माती बरीचशी जागेवर राहिली. आपल्याकडं खरा बदल १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर झाला. १९७५ मध्ये वेकोलि आली, हळूहळू खुल्या खदानी वाढल्या. खुल्या खदानीत आधी काळी माती जाते, मग मुरूम, मग दगड, आणि मग कोळसा. जमीन घेतली जाते १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली. त्यात कलम ८ नुसार हरकतीला ३० दिवस मिळतात (तारीख चुकवू नका). खड्डा भरल्यावर जमीन मूळ मालकाला परत करायची सक्ती त्यात नाही. सातबारा गेला तो गेलाच.

पुढं १९८० ला वनसंवर्धन कायदा, १९८६ ला पर्यावरण कायदा, १९९४ पासून खाणीला आधी पर्यावरण मंजुरी. मंजुरीच्या अटींत वरची माती वेगळी साठवून नंतर पसरवायची, असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये कोळसा खाणींना बंद करण्याचा आराखडा आणि पैसे आधीच बँकेत ठेवणं सक्तीचं झालं. तेव्हाचा दर खुल्या खदानीला हेक्टरी ६ लाख, म्हणजे एकरी सुमारे २ लाख ४३ हजार. १९०६ शी ताडून पाहिलं तर हे मोठंच पाऊल आहे, नाकारत नाही.

पण जमिनीवर माणसाचा शब्द किती चालतो, हे पाहायला गडचिरोलीकडं जावं लागतं. १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क कायदा, आणि २००९ मध्ये धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला मिळालेला सामूहिक वनहक्क. तिकडं ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये कोर्टानं प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवला, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. आणि इकडं सूरजागडच्या वाढीची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली गडचिरोली शहरात, एटापल्लीच्या डोंगरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. धानाची बांधी सोडून तिथं कोण जाणार, सांगा.

आता पुन्हा माझ्या वावरावर. कृषी सहायक म्हणाले, गाळ वाळू द्या, जास्त जाड थर खरवडून काढा, मिसळू नका. मला दुसरंच खटकतंय. काळी माती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की खालून तिची हवा कोंडते, जीवाणू मरतात, सेंद्रिय कर्ब घटतो. ती बुटक्या ढिगात, वर ढैंचा-बोरू पेरून ठेवली तरच नंतर माती म्हणून कामाची. आमच्या बाजूच्या ढिगात माती आणि दगड वेगळे दिसतच नाहीत.

दोन पिशव्या भरल्या आहेत, एक गाळाची, एक वरच्या धुऱ्याची. परीक्षणाला देतोय. खदानीला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांनीही पीएच, क्षार आणि कर्बाचे आकडे खाली टाका.