हार्बर लाइनवरचा कॅमेराबाजार

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर आकार घेऊ लागले. त्या काळात पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, यावर घरात फार खल होत नसे. नोकरदाराच्या आवाक्यात बहुधा भारतातच बनणारा आग्फा क्लिक थ्री असे. त्याची लेन्स पक्की बसवलेली होती. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि ते बारशापासून सहलीपर्यंत पुरवून वापरावे लागत. परदेशी एसएलआर आयातबंदी आणि जकातीच्या भिंतीपलीकडे राहिला. आखातातून सुट्टीवर येणारा मामा मनावर घेईल, तरच तो घरात येई.

१९९१ नंतर ती भिंत ढासळू लागली. पुढच्याच वर्षी लोकल वाशीला पोहोचली आणि फोर्टातला बोरा बाजार एका गाडीच्या अंतरावर आला. व्हीटीला उतरायचे आणि रस्ता ओलांडून कॅमेऱ्यांच्या गल्लीत शिरायचे! शिकाऊ मंडळींमध्ये पेंटॅक्स के-१०००चा दबदबा होता. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे निघालेल्या या कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तर फक्त प्रकाशमापक बंद पडे, शटर चालूच राही. सोबत ५० मिमीची लेन्स असली की घरच्या कार्यक्रमांचे भागत असे.

पक्ष्यांपुढे मात्र ती तोकडी पडते, आणि नवी मुंबईच्या हौशी छायाचित्रकाराला पक्ष्यांनीच खर्चात पाडले आहे. ठाणे खाडीचा चिखल भरतीत बुडाला की रोहित पक्ष्यांचे थवे सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर उतरतात. त्यामुळे इथे फोटोची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहावे लागते. २०१५मध्ये खाडीत अभयारण्य जाहीर झाले. २०२२मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला.

डिजिटल काळात रोलचा खर्च गेला आणि पैशांचे गणित उलटले. आता बॉडी साधी चालते, पण लेन्स लांब पल्ल्याची हवी. कॅननच्या छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ५५-२५० मिमीची झूम लेन्स ४०० मिमीइतका पल्ला देते. मर्यादित खिशासाठी ही जोडी आजही शहाणपणाची. पहिल्याच खरेदीत महागडी बॉडी घेणे हा निव्वळ हौसेचा भाग.

जुन्या मालात फसगतीच्या जागा आहेत. निकॉनने २००६च्या डी४०पासून स्वस्त बॉडींमधली फोकसची मोटर काढली. त्यांवर जुनी एएफ-डी लेन्स बसते खरी, पण फोकस हातानेच करावा लागतो. उडत्या रोहितासमोर तिथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. दुसरे संकट पावसाळ्याचे. दमट हवेत काचांच्या आत बुरशी धरते, म्हणून जाणकार गिऱ्हाईक लेन्समध्ये विजेरी मारून आरपार पाहते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर काचेवरचा लेप खराब झालेला असू शकतो. मग साफसफाई करूनही डाग उरतात, आणि दुकानदाराने किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स काउंटरवरच सोडावी लागते.