शिब्डन हॉलची सांकेतिक रोजनिशी

जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळणाऱ्यास केव्हां ना केव्हां एका प्रश्नास तोंड द्यावें लागतें. ज्याच्या प्रसिद्धीनें पूर्वजांच्या लौकिकास बाध येईल असा कागद हातीं लागला, तर त्याचें काय करावें? जाळावा, दडवावा, कीं जपावा? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर ‘जपावा’ हें एकच आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ उत्तर इंग्लंडांतील हॅलिफॅक्स या गांवच्या एका दप्तराची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हॅलिफॅक्स हें यॉर्कशायरच्या पश्चिम भागांत, पेनाइन डोंगरांच्या उतारावर वसलेलें लोकरी कापडाचें गांव होय. हातमागावर विणलेले तागे विकण्याकरितां १७७९ सालीं तेथें ‘पीस हॉल’ नांवाची दगडी बांधणीची चौकोनी पेठ उघडण्यांत आली. व्यापाऱ्यांसाठीं तींत ३१५ खोल्या होत्या, व ती अद्याप उभी आहे. अशा गांवांचा इतिहास बहुधा गिरण्या, यंत्रें व पार्लमेंटचे कायदे यांच्याच आधारें लिहिला जातो. त्यांत माणसें दिसतात तीं आंकड्यांच्या रूपानें. परंतु हॅलिफॅक्सलगत शिब्डन हॉल नांवाचा, सुमारें १४२० सालीं बांधलेला एक वाडा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं तो लिस्टर घराण्याकडे आला. या वाड्याच्या दप्तरांत गांवचा एक निराळाच इतिहास दडून राहिला होता.

तो लिहून ठेवणारी ॲन लिस्टर १७९१ सालीं जन्मली. चुलत्याच्या मृत्यूनंतर १८२६ सालीं शिब्डनच्या जमीनजुमल्याचा कारभार तिच्याकडे आला. तिनें कुळांकडून खंड वसूल केला, कोळशाच्या खाणी खोदविल्या व त्या धंद्यांत गांवांतील मातबर प्रतिस्पर्ध्यांशीं टक्कर दिली. १८३२ च्या सुधारणा कायद्यानें हॅलिफॅक्सला पार्लमेंटांत दोन जागा मिळाल्या. स्त्री असल्यामुळें ॲनला स्वतःस मताधिकार नव्हता. तथापि आपल्या कुळांनीं कोणास मत द्यावें, हें ती त्यांस बजावून सांगत असे. १८३५ च्या निवडणुकींत तिच्या पक्षाचा उमेदवार अवघ्या एका मतानें निवडून आला, हें लक्षांत घेतलें म्हणजे या बजावण्याचें मोल कळतें. १८४० सालीं कॉकेशसच्या प्रवासांत, कुतैसी येथें, तिचा अंत झाला. पंधराव्या वर्षीं आरंभिलेली रोजनिशी तिनें या अखेरच्या प्रवासापर्यंत चालविली होती. तींत सुमारें पन्नास लक्ष शब्द आहेत, व त्यांपैकीं अदमासें एकषष्ठांश मजकूर सांकेतिक लिपींत आहे.

ग्रीक अक्षरें, अंक व कांहीं चिन्हें यांच्या मिश्रणानें ही लिपी बनली आहे. तिचा उगम यॉर्क येथील मुलींच्या शाळेंत सांपडतो, आणि येथें आपल्या देशाचा एक धागा अनपेक्षितपणें हातीं येतो. त्या शाळेंत एलिझा रेन नांवाची मुलगी ॲनची सोबतीण होती. एलिझा जन्मली मद्रासेस. तिचा बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील शल्यवैद्य, व आई एतद्देशीय स्त्री. लहानपणींच तिला यॉर्कशायरांत धाडण्यांत आलें. दोघींमध्यें जडलेली प्रीति इतरांपासून गुप्त ठेवण्यासाठीं ही लिपी उपयोगांत आली. एलिझानें स्वतः लिहिलेल्या रोजनिशीचाहि कांहीं भाग शिब्डनच्या दप्तरांत शिल्लक आहे. पुढें ॲनचें मन अन्यत्र वळलें. एलिझाच्या बुद्धीस भ्रंश झाला असें ठरवून १८१४ सालीं तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेविलें. त्यानंतर ती परतंत्र स्थितींतच राहिली व १८६० सालीं मरण पावली. मद्रासेंत जन्मलेल्या या मुलीचें हृद्गत आज आपणांस कळतें, तें याच कागदांमुळें.

ॲनच्या पश्चात् शिब्डनचा वारसा कालांतरानें जॉन लिस्टर यांजकडे आला. हे गृहस्थ जुन्या कागदांचे मोठे व्यासंगी. गांवच्या वृत्तपत्रांत १८८७ ते १८९२ या काळांत त्यांनीं या रोजनिशीचे उतारे १२१ हप्त्यांनीं प्रसिद्ध केले. पण ते सर्व साध्या लिपींतील भागाचे. सांकेतिक भाग उलगडण्यासाठीं त्यांनीं ब्रॅडफर्डचे शिक्षक आर्थर बरेल यांचें साह्य घेतलें. दोन अक्षरांचा तर्क आधींच झाला होता. दस्तऐवजांच्या ढिगांत एक चिटोरें मिळालें. त्यावर ‘ईश्वराच्या ठायीं माझी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांपुढें चार सांकेतिक चिन्हें होतीं. तो शब्द ‘होप’, म्हणजे आशा, असलाच पाहिजे हें बरेल यांनीं ताडलें. चार अक्षरें निश्चित झालीं, आणि त्याच रात्रीं उत्तररात्रीपर्यंत बसून दोघांनीं बाकीची सारी लिपी सोडविली.

जें वाचावयास मिळालें त्यानें दोघेहि हादरले. ॲननें स्त्रियांवरील आपल्या प्रेमाचा वृत्तान्त कांहीं एक आडपडदा न ठेवतां लिहिला होता. हे सारे कागद जाळून टाकावे, असा सल्ला बरेल यांनीं दिला. जॉन लिस्टर यांनीं तो मानला नाहीं. मात्र पुढील उतारे छापणेंहि त्यांनीं सोडून दिलें, आणि रोजनिशीचे खंड वाड्यांतील लांकडी तक्तपोशीआड पुनः ठेवून दिले. त्यांस प्रसिद्धीचें धैर्य झालें नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, लोकलज्जा व इतिहासनिष्ठा यांच्या ओढाताणींत सांपडलेल्या संशोधकानें जें किमान करावयास हवें तें त्यांनीं केलें. प्रसिद्धी आज नाहीं तर उद्यां होऊं शकते. राखेची प्रत मात्र कोणास करितां येत नाहीं.

जॉन लिस्टर १९३३ सालीं वारले व दप्तर नगरपालिकेच्या ताब्यांत गेलें. परंतु किल्लीवांचून कुलपाची पेटी काय कामाची? ती लिपी जाणणारे बरेल सुदैवानें हयात होते. गांवच्या ग्रंथपालानें त्यांजकडून ती मिळविली. ग्रंथपालाची कन्या म्यूरिएल ग्रीन हिनें पत्रांची वर्गवारी लावली. त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, अशिष्ट वाटणारा मजकूर बाहेर जाऊं नये, या अटीवर अभ्यासकांस हे कागद पाहावयास मिळत. सांकेतिक भागास ऐतिहासिक महत्त्व नाहीं, असाहि अभिप्राय त्या काळीं दिला गेला. अखेर हेलेना व्हिटब्रेड या हॅलिफॅक्सच्याच अभ्यासिकेनें १९८८ सालीं तो भाग उलगडून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. २०११ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृति-उपक्रमाच्या ब्रिटिश सूचींत या रोजनिशीचा समावेश झाला.

‘ऐतिहासिक महत्त्व नाहीं’ या अभिप्रायाचा येथें विचार करणें अवश्य आहे. सांकेतिक मजकुरांत केवळ प्रेमवृत्तान्त नाहीं. पैशाची चणचण, प्रकृतीच्या तक्रारी, शेजाऱ्यांविषयींचीं खरीं मतें, हेंहि तेथेंच आहे. ॲन वॉकर ही शेजारची धनवान वारसदार. १८३४ सालीं ईस्टरच्या दिवशीं यॉर्कच्या एका चर्चमध्यें दोघींनीं एकत्र प्रसाद घेतला. त्यास ॲन लिस्टर विवाहाप्रमाणें मानी. या संबंधामुळें दोन शेजारच्या मिळकतींचे हितसंबंध जोडले गेले व शिब्डनच्या सुधारणांस वॉकरच्या पैशाचा आधार मिळाला. म्हणजे गुप्त मजकूर वगळला तर खाणी व मिळकत यांचा उघड इतिहासहि लंगडा पडतो. खासगी काय व सार्वजनिक काय, ही वाटणी कागद लिहिणारा आपल्या सोयीनें करितो. संशोधकानें तीच वाटणी प्रमाण धरून अर्धें दप्तर बाजूस सारणें युक्त नव्हे.

आम्हां दप्तरें जमविणारांस या हकीकतींतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, आपल्या पिढीची लाज ही कागदाची किंमत ठरविण्याचें माप नव्हे. दुसरी ही कीं, कागदाबरोबर त्याची किल्लीहि जपली पाहिजे. हॅलिफॅक्सला ती एका वृद्ध शिक्षकाच्या स्मरणांत उरली होती. आपल्याकडे मोडी ही कोणाची गुप्त लिपी नव्हती. शतकानुशतकें तींत उघड कारभार चालला. तथापि ती शाळांतून गेली, आणि आज घरोघरच्या रुमालांतील पत्रें त्यांच्या मालकांसच सांकेतिक होऊन बसलीं आहेत. वाचतां येत नाहीं म्हणून निरुपयोगी, व वाचलें तर अडचणीचें, अशा दोन्ही बाजूंनीं कागदांवर संकट आहे. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते छापूं दिले नाहींत तरी चालेल. पण जाळूं नयेत, रद्दींत घालूं नयेत, व मोडी जाणणारा कोणी असेल तोंवर निदान त्यांची याद करवून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.