एसी पंप, बंब आणि दाब

जुनी जीप पार सुटी करून नव्याने बांधायला घेतली, की मिस्त्री आधी विचारतो, “एसी पंपच ठेवायचा, की इलेक्ट्रिक टाकायचा?” कर्जत, चौक, खोपोली, कुठेही गेलात तरी प्रश्न हाच. यातला ‘एसी’ थंड हवेचा नाही आणि घरातल्या विजेचाही नाही. ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत.

आल्बेर शांपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली, पुढे अमेरिकेला जाऊन तो स्पार्क प्लग बनवू लागला. पहिल्या भागीदारांशी फाटलं तेव्हा त्याचं आडनाव जुन्या कंपनीकडेच राहिलं, आणि नव्या कारखान्यातल्या मालावर नुसतं ‘ए. सी.’ छापायची वेळ आली. इंजिनाच्या कुशीला बसणारा पेट्रोलचा पंपही पुढे याच छापाने विकला गेला. आपल्याकडे त्याचं नाव इतकं रुळलं की पंप कुणीही बनवलेला असो, तो एसी पंपच. आपला टेम्पो असाच आलेला आहे. तोही मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचा छाप.

एसी पंपाला वायर लागत नाही. इंजिनाचा कॅम फिरतो, दांडी हलवतो, आतला पडदा वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. ‘ओढलं’ हे क्रियापद महत्त्वाचं आहे. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. मे महिन्यात खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना इंजिन तापलं, की नळीत पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी वळणावर बंद पडायची. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. पद्मिनी आणि अँबॅसिडर चालवलेल्या पिढीला हे फडकं आठवत असेल. इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीजवळ आणि खालच्या अंगाला बसवतात. तो पेट्रोल लांबून ओढत नाही, पुढे ढकलतो. भरलेल्या नळीत वाफ सहसा धरत नाही.

‘पंप’ इंग्रजीतून आला, पण त्याच्या आधीपासून मराठीत ‘बंब’ होता. पोर्तुगीजांचा ‘बोम्बा’ म्हणजे पाणी उपसायचं यंत्र. तो आपल्याकडे आगीचा बंब झाला, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन पाणी तापवू लागला. तिथे त्याच्यातली उपसण्याची क्रिया संपली, तांब्याचं भांडं तेवढं उरलं. पोर्तुगालमध्ये मात्र पेट्रोल भरायला आजही लोक ‘बोम्बा’वरच जातात. आताच्या रायगडच्या किनाऱ्यावर, चौल-रेवदंड्याला, १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. मराठीतला ‘पिंप’ त्यांच्या ‘पीपा’वरून आला, ‘मिस्त्री’ त्यांच्या ‘मेस्त्र’वरून, आणि ‘चावी’ही त्यांचीच. चावीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. लिस्बनला आज तिचा उच्चार ‘श’ने सुरू होतो, पण सोळाव्या शतकात तिथेही तो ‘च’ होता. तो जुना उच्चार मराठीने जपला आहे. पिंपातलं इंधन, ते उचलणारा बंब, चालू करायची चावी आणि हे सगळं जोडणारा मिस्त्री, इतके शब्द मोटार यायच्या कितीतरी आधी कोकणात तयार होते.

विजेकडचे शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘वीज’ ही विद्युत् आणि प्राकृतातली विज्जू यांच्यामार्गे सरळ आपल्या घरात वाढली. गाडीची ‘बत्ती’ मात्र पाहुणी. संस्कृत ‘वर्ति’ची प्राकृतात ‘वत्ती’ झाली, आणि मराठीच्या नियमाने तिची ‘वात’ झाली, ती अजून समईत आहे. जोडाक्षर आणि ‘ब’ घेऊन आलेली बत्ती हिंदीकडून आली.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘दाब’. दाबणे या साध्या क्रियापदातून निघालेला हा शब्द. थोरल्या माणसाचा घरात दाब असतो, डॉक्टर रक्तदाब मोजतात, नळाच्या पाण्याला दाब असतो. मराठी परिभाषेने व्होल्टेजलाही विद्युतदाब म्हटलं, आणि महावितरणच्या कागदांवर उच्चदाब आणि लघुदाब ग्राहक आले. इंग्रजीत पाण्याला एक आणि विजेला दुसरा, असे दोन वेगळे शब्द रूढ आहेत. मराठीने दोन्हीकडे एकच धरला. हे किती नेमकं आहे, ते पाहायचं तर खोपोलीलाच पाहावं. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि टाटांच्या वीजघरातली चाकं फिरवतं. हे वीजघर १९१५ साली सुरू झालं, आणि मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. कर्जतजवळचं भिवपुरीचं वीजघर १९२२चं. वापरलेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत जातं आणि भिवपुरीला उल्हासेत. १० मीटर उभं पाणी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतं, म्हणजे खोपोलीच्या नळाच्या तळाशी तो ५० किलोच्या घरात जातो. पाण्याचा दाब वीजघरात शिरतो आणि विजेचा दाब होऊन तारांवरून बाहेर पडतो.

गाडीत हाच प्रवास उलटा होतो. बॅटरीचा १२ व्होल्टांचा दाब पंपात शिरतो आणि पेट्रोलचा दाब होऊन नळीतून निघतो. कार्बोरेटरला तो पाव किलोच्या आसपास पुरतो, जास्त झाला तर फ्लोटची सुई ढकलली जाऊन पेट्रोल बाहेर सांडतं. इंजेक्शनच्या इंजिनाला तीन किलो किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणूनच पंपाची वायर बारीक चालत नाही. पुढच्या डॅशबोर्डपासून मागच्या टाकीपर्यंत बारीक तार नेली, की वाटेतच व्होल्ट गळतात, पंप मंदावतो आणि चढावर इंजिन उपाशी राहतं. तारेत दाब पडला की नळीतही पडतो.

यावर उपाय रिलेचा. चावीतून फक्त बारीक करंट रिलेच्या गुंडाळीला जातो. पंपाचा जाड करंट बॅटरीपासून फ्यूजमधून निघतो आणि रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला येऊन ८७ नंबरने पंपाकडे जातो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, म्हणजे पुढची सगळी वायर त्याच्या राखणीत येते. त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘वितळतार’ असं सुंदर नाव आहे, ते गॅरेजात पोचायला हवं होतं. ‘रिले’ हा फ्रेंच शिकारीतला शब्द, दमलेल्या कुत्र्यांच्या जागी पुढच्या टप्प्यावर उभ्या केलेल्या ताज्या कुत्र्यांचा. पुढे तो घोड्यांना लागला, आणि तारायंत्रवाल्यांनी तिथून उचलला. मराठीत याच अर्थाचा शब्द ‘डाक’. आज आपण डाक म्हणजे टपाल समजतो, पण मुळात डाक म्हणजे टप्प्याटप्प्यावर उभी केलेली माणसं आणि जनावरं. बोरघाटाने अशी डाक पाहिलेली आहे. १८३० साली तिथे गाडीरस्ता खुला झाला. पुढे खाली आणि वर रेल्वे आली तरी मधला घाट १८६३ पर्यंत बाकी होता, तेव्हा उतारू खोपोलीला उतरून पालखीत, मेण्यात किंवा तट्टावर बसून खंडाळा गाठत. बदली घोडा आणि रिले यांचं काम एकच, पुढच्या टप्प्याचा भार ताज्या ताकदीवर घेणं.

परत येणाऱ्या करंटला गाडीत ‘अर्थ’ म्हणतात. गाडी रबरी चाकांवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे ‘भूसंपर्कन’ हा सरकारी शब्द इथे लागू पडत नाही. इथली पृथ्वी म्हणजे चासी. जुन्या जीपला नवा रंग दिला, की नेमका या रंगाखाली अर्थ अडतो. पत्रा खरवडून, पंपाची काळी वायर थेट चासीला बोल्टने आवळावी.

शेवटची जोडणी तिसऱ्या दाबाची आहे, आणि ती कुणी टाळू नये. एसी पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप मात्र अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहील. म्हणून रिलेच्या गुंडाळीची वायर इंजिन ऑइलच्या प्रेशर स्विचमधून न्यावी. त्यासाठी दाब आल्यावर जोडणी करणारा स्विच घ्यावा, दिवा लावणारा साधा नव्हे. इंजिन थांबलं, तेलाचा दाब उतरला, की तारेतला दाब तुटतो आणि नळीतलाही. फक्त गाडी सुरू करताना तेलाला अजून दाब नसतो, म्हणून सेल्फच्या टोकाकडून एक जादा वायर स्विचला वळसा घालून रिलेकडे द्यावी लागते, आणि तिच्यात एक डायोड, म्हणजे गाडी चालू झाल्यावर करंट उलटा सेल्फकडे जात नाही.