बाहुबलीने कोणाचे ऐकले?



पर्युषणात आमच्या कोरपन्यात पाऊस असतो, शिवारात कपाशी उभी असते. संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपले की मी घरातल्या आणि शेजारच्या मुलांकडून एखादी धर्मकथा करून घेते. यंदा ‘मोठ्यांची आज्ञा पाळावी’ हे शिकवायचे म्हणून भरत-बाहुबलीची कथा निवडली.

कथा करून दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रायपसेणीय सूत्रात सूर्याभदेव भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्य करतो आणि शेवटी भगवंतांचेच चरित्र दाखवतो. बाराव्या शतकात यशःपालांचे ‘मोहराजपराजय’ हे नाटक गुजरातेत थारापद्रला महावीरांच्या उत्सवासाठी झाले. भरत-बाहुबलीवर शालिभद्रसूरींनी इ. स. ११८५ मध्ये रास रचला. रास म्हणजे गाऊन, फेर धरून सादर करायची रचना.

आमच्या श्वेतांबर घरात कथा अशी सांगतात. चक्रवर्ती भरताने भावांना शरण यायला सांगितले. अठ्ठ्याण्णव भावांनी पिता ऋषभदेवांकडे जाऊन दीक्षा घेतली. बाहुबली मात्र लढला. भरतावर उगारलेली मूठ त्याने मध्येच थांबवली आणि त्याच मुठीने स्वतःचे केस उपटून तो साधू झाला. पण ऋषभदेवांकडे गेलो तर आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, म्हणून तो वर्षभर रानातच उभा राहिला. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी मूर्तीवर दिसतात तसे वेल अंगावर चढले. आम्ही वेलासाठी जुन्या हिरव्या साडीचे काठ गुंडाळले. पर्युषणात झाडाचे पान कसे तोडणार?

नातीला बाहुबली व्हायचे होते. मी तिला सुंदरी केले. ती कुरकुरली तेव्हा म्हणाले, “मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं!” मीही लहानपणी हेच ऐकत आले होते.

तालमीत ब्राह्मी आणि सुंदरी भावाला हत्तीवरून खाली उतरायला सांगतात तो प्रसंग आला. नातीने ते वाक्य बाहुबलीकडे नव्हे, माझ्याकडे बघून म्हटले. मग विचारले, “आजी, त्याने चक्रवर्तीचं नाही ऐकलं, बहिणींचं ऐकलं. मग तो आज्ञाधारक की नाही?”

बी.कॉम.चा हिशेब इथे जुळेना. भरताच्या हुकमामागे सैन्य होते. बहिणींकडे फक्त खरे बोलणे होते. त्यांना पाठवले होते ऋषभदेवांनी. तो हत्ती म्हणजे आपलाच अहंकार, हे बाहुबलीला कळले. वंदनासाठी पाऊल उचलले, तिथेच केवलज्ञान झाले. म्हणजे धाकाने वाकणे वेगळे आणि खरे पटल्यावर वाकणे वेगळे. मी मुलांना पहिले शिकवत होते, कथा दुसरे सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या टाकल्या. नातीला पुन्हा सुंदरीच आली. या वेळी ती हसली.

संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं आधी तिला म्हटले, मग मोठ्यांना.