भट्टीवरची माणसं

आमच्या रिहे खोऱ्यातल्या पोरांना आज भट्टी विचारली, तर ती विटांची भट्टी दाखवतील. आबांच्या लेखी भट्टी म्हणजे कोळशाची. पुण्यात घरोघर गॅस येण्याआधी शेगड्या पेटायच्या, त्यांचा कोळसा सह्याद्रीच्या मालकी रानांतून उतरायचा.

भात झोडून झालं की काम सुरू. ऐन, किंजळ, जांभूळ तोडायचा, ओंडके रचायचे, वर पाला-माती लिंपायची आणि आत विस्तव सोडायचा. धूर पांढरा असेतो लाकडातलं पाणी जातंय. निळसर, पातळ झाला की कोळसा तयार. मग भोकं बुजवायची. मध्येच माती खचून जाळ फुटला तर सगळी राख, म्हणून रात्र रात्र जागायचं. यात कातकरी मंडळी तरबेज. पण पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यातच त्यांचा हंगाम सरायचा.

आबा सांगायचे, "घाव जमिनीलगत, तिरपा घालावा. पाणी साचलं की खोड कुजतं. नाहीतर पावसाबरोबर फुटवा येतोच." ठेकेदाराला फुटव्याशी काय देणंघेणं? त्यानं उभं रान उक्तं घेतलेलं, एका हंगामात साफ करायचं. त्या घाईत डोंगर बोडके झाले. देवाच्या नावानं राखलेल्या राया तेवढ्या टिकल्या. पश्चिम घाटातल्या अशाच देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला.

झाडतोडीवर नियमन आणणारा राज्याचा कायदा १९६४ चा. १९७५ च्या कायद्यानं खासगी वनं सरकारजमा झाली, १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला. रान वाचायला हे हवंच होतं. भट्ट्या विझल्या तशी आमच्याकडची माणसं कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी पिरंगुटच्या कारखान्यांत गेली.

आता माझा पुतण्या वनरक्षक भरतीची तयारी करतोय. बारावीचा दाखला, लेखी परीक्षा, पाच किलोमीटर धावणं. आबा अंधारात सालीवरून हात फिरवून झाड ओळखायचे, पण शाळेची पायरी चढले नव्हते. त्यांच्या विद्येला अर्जात रकाना नाही.

पोरगं भरती होवो. फक्त रोपं लावायला डोंगरावर जाईल तेव्हा एखादा म्हातारा कातकरी सोबत घ्यावा. कुठल्या मुरमात ऐन धरतो, कुठं नुसती करवंदाची जाळी येते, हे त्याला ठाऊक असतं. आणि त्याचा रोज त्याच दिवशी चुकता करावा.