मेतिस : एका संकरित मोटारसायकलीचा इतिहास

फ्रेंच भाषेत 'मेतिस' हा शब्द मिश्र रक्ताच्या स्त्रीसाठी वापरतात. स्पॅनिशमधला 'मेस्तिसो' हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या 'मिश्र' या शब्दाशी जोडतात. युरोपीय सत्तांच्या वसाहतींत हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नसे. उर्दूत ज्याला 'दोगला' म्हणून हिणवले जाते, त्याच जातीचा हा शब्द. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या न्यू मिल्टन या गावी राहणाऱ्या डेरेक आणि डॉन रिकमन या दोन भावांनी १९६०च्या सुमारास आपल्या मोटारसायकलीला हे नाव स्वतःहून दिले. कारण उघड होते. त्यांची गाडी कोणत्याही एका घराण्याची नव्हती. फ्रेम आणि गिअरबॉक्स बीएसएचे, ५०० सीसीचे इंजिन ट्रायम्फचे आणि पुढचा फोर्क नॉर्टनचा. लोक नावे ठेवणारच होते. भावांनी ते नावच टाकीवर रंगवले.

मोटारसायकलीचा इतिहास लिहिताना बहुधा कंपन्यांचा इतिहास लिहिला जातो. कारखाना कधी निघाला, कोणते मॉडेल कधी आले, कोण बुडाले, कोणी कोणाला विकत घेतले. या इतिहासात मेतिससारख्या गाड्यांना तळटीपेची जागा मिळते. वस्तुतः चिखल, वाळू आणि खडकांवर धावणाऱ्या मोटारसायकलीची, म्हणजे आज जिला आपण 'डर्ट बाइक' म्हणतो तिची, घडण समजून घ्यायची असेल तर कारखान्यांपेक्षा या जोडगाड्यांकडेच पाहावे लागते.

एकाचे धड, दुसऱ्याचे हृदय

इंग्लंडमध्ये मातीवरच्या शर्यतींना 'स्क्रॅम्बल' म्हणत. अशी पहिली शर्यत १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे झाली. पुढे फ्रेंच आणि बेल्जियन लोकांनी हा खेळ उचलला आणि त्याला 'मोटोक्रॉस' हे नाव मिळाले. सुरुवातीची तीस-चाळीस वर्षे या शर्यतींत धावणाऱ्या गाड्या म्हणजे थोडाफार फेरफार केलेल्या रस्त्यावरच्याच गाड्या असत. त्या जड होत्या. बीएसएची 'गोल्ड स्टार' ही त्या काळातली नामांकित गाडी. रिकमन बंधूही तिच्यावरच शर्यती खेळले. तिच्या चालीबद्दल फारशी तक्रार नव्हती. मात्र तिचे एका सिलिंडरचे इंजिन वजनदार होते. उलट ट्रायम्फचे दोन सिलिंडरचे इंजिन हलके, चपळ आणि सहज मिळणारे होते, पण ट्रायम्फच्या फ्रेमला तेवढे चांगले नाव नव्हते. मग एकाचे इंजिन दुसऱ्याच्या फ्रेममध्ये का बसवू नये, असा विचार ज्याच्या हाती पाना होता त्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. ट्रायम्फचे इंजिन बीएसएच्या फ्रेममध्ये बसवले की त्या गाडीला 'ट्रायबीएसए' म्हणत. गंमत अशी की १९५१पासून ट्रायम्फ कंपनी बीएसएच्याच मालकीची होती. म्हणजे फ्रेम आणि इंजिन दोन्ही एकाच मालकाचे. त्यांचा निकाह मात्र गिऱ्हाइकाला आपल्या अंगणात लावावा लागला.

रस्त्यावरच्या शर्यतींत हेच घडत होते. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने नॉर्टनसाठी घडवलेली 'फेदरबेड' ही फ्रेम १९५०मध्ये आली आणि वळणावर गाडी कशी स्थिर राहावी याचा ती मापदंड ठरली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ५०० सीसीच्या छोट्या मोटारींच्या शर्यती जोरात होत्या. त्या मोटारींना नॉर्टनचे इंजिन हवे असे. पण नॉर्टन नुसते इंजिन विकत नसे. मग मोटारवाले अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि उरलेला सांगाडा बाजूला टाकत. त्या काळातली एक उत्तम फ्रेम अशी बिनइंजिनाची पडून राहू लागली. त्यात कोणी ट्रायम्फचे इंजिन बसवले आणि 'ट्रायटन' जन्माला आली. कंपनीने एक दार बंद केले की कारागीर खिडकी शोधतो. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते.

काम नेमके काय असते

इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्ट काढून चार बोल्ट आवळणे नव्हे. १९५०च्या दशकात एक सोय होती. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत इंजिन वेगळे आणि गिअरबॉक्स वेगळा असे, आणि मध्ये प्रायमरी चेन असे. म्हणून ट्रायम्फचे इंजिन आणि बीएसएचा गिअरबॉक्स अशी जोडी लावता येत होती. पुढे दोन्ही एकाच खोक्यात ढाळले जाऊ लागले. ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांत हा बदल १९६३ साली आला. त्यानंतर कारागिराला गिअरबॉक्ससकट सगळे धूड एकदम बसवावे लागू लागले.

पहिला प्रश्न जागेचा. फ्रेमच्या नळ्यांमध्ये इंजिन मावते का? मावत नसेल तर कोणती नळी कापायची आणि कापल्यावर तिचे बळ कोण देणार? दुसरा प्रश्न फाउंडेशनचा. इंजिनाचे कान आणि फ्रेमची भोके जुळत नाहीत. म्हणून पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटा कापून मधला दुवा तयार करावा लागतो. तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न चेनचा. इंजिनाचे दातेरी चक्र आणि मागच्या चाकाचे चक्र एका सरळ रेषेत आले पाहिजे. थोडा जरी तिरकेपणा राहिला तरी चेन दाते खाते आणि एक दिवस उडते. शिवाय मागचा चिमटा ज्या बिंदूवर वरखाली हलतो, त्याच्या जवळच पुढचे चक्र असावे लागते. ते दूर गेले तर खड्ड्यात चाक वर येताना चेन एकदम ताणते किंवा सैल पडते. त्यानंतर वजनाचा तोल. इंजिन थोडे पुढे सरकले तर पुढचे चाक जड होते, थोडे वर गेले तर गाडी वळणावर डुलते. सायलेन्सरची नळी, कार्ब्युरेटर आणि हवेचा डबा यांना जागा करणे हे तर वेगळेच.

हे सगळे आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचे, मोजायचे, तोडायचे, पुन्हा जोडायचे आणि शेवटी पक्के वेल्डिंग करायचे. म्हणजे जोडगाडी ही घाईचे काम नाही. कारखान्याच्या गाडीत ही मापे नकाशावर ठरलेली असतात; इथे ती कारागिराला स्वतः ठरवावी लागतात.

रिकमन बंधूंची फ्रेम

पहिली मेतिस दुसऱ्यांच्या सुट्या भागांची होती. त्यातून शिकत भावांनी १९६२मध्ये स्वतःची फ्रेम उभी केली. रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पण चिवट नळ्या, वर निकेलचा मुलामा, अंगावर फायबरग्लासची टाकी आणि चिखलरोधक. इंजिनाचे तेल ठेवण्यासाठी वेगळी टाकी न लावता ते फ्रेमच्या पोकळ नळ्यांतच भरले. वजन वाचले आणि तेल थंड राहायलाही मदत झाली. आता ही फ्रेम कोणाच्या इंजिनाची वाट पाहत नव्हती. ट्रायम्फ, बीएसए, मॅचलेस, जे इंजिन असेल त्याला ती जागा देत होती.

मात्र मोठ्या कंपन्या त्यांना थेट इंजिने द्यायला तयार झाल्या नाहीत. तेव्हा भावांनी बिनइंजिनाची गाडी विकायला सुरुवात केली. फ्रेम, चाके, टाकी सगळे गिऱ्हाइकाला मिळे. इंजिन ज्याने त्याने आणायचे. अशा रीतीने इंजिन बदलण्याचे काम एका कारागिराच्या शेडमधून निघून जगभरच्या शेडमध्ये पोहोचले. अमेरिकेच्या वाळवंटी शर्यतींत मेतिस लोकप्रिय झाली. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याच्याकडे ट्रायम्फचे ६५० सीसी इंजिन बसवलेली मेतिस होती आणि १९६६मध्ये एका अमेरिकन मासिकात त्याने तिची तारीफ केली. दोघे भाऊ स्वतः ब्रिटनच्या संघातून आंतरराष्ट्रीय मोटोक्रॉस खेळले. ज्या गाडीला कोणी आपले म्हणत नव्हते, तिच्या जोरावर देशाचे नाव राखले गेले.

आपल्याला जवळचा वाटावा असा एक प्रसंग १९७०चा. रॉयल एनफिल्डचा ब्रिटनमधला कारभार त्या वर्षी आटोपला. अमेरिकेतले विक्रेते फ्लॉइड क्लायमर यांच्यासाठी तयार केलेली 'इंटरसेप्टर'ची इंजिने त्यांच्या मृत्यूमुळे तशीच अडकून पडली. रिकमन बंधूंनी ती घेतली आणि आपल्या फ्रेममध्ये बसवून शंभराहून अधिक गाड्या रस्त्यावर आणल्या. एनफिल्डचे मूळ घर मिटले. तिची एक शाखा १९५५पासून मद्रासला नांदत होतीच. आणि अखेरची काही इंजिने अशी परक्या सांगाड्यात जगली.

कंपनी मागून येते

१९६५मध्ये बीएसएवर जेफ स्मिथ ५०० सीसीचा विश्वविजेता झाला. त्यानंतर टू-स्ट्रोक इंजिनांचे राज्य आले. हलकी, स्वस्त, झटक्याने पळणारी. फोर-स्ट्रोकला मोटोक्रॉसमध्ये कोणी विचारेना. अशा वेळी टॉर्स्टन हॉलमन आणि स्टेन लुंडिन या दोन माजी स्वीडिश विश्वविजेत्यांनी यामाहाच्या 'एक्सटी ५००' या साध्या फोर-स्ट्रोक गाडीचे इंजिन हस्कवर्नाच्या फ्रेममध्ये बसवायचे ठरवले. फोर-स्ट्रोक इंजिन व्हॉल्व्हच्या डोक्यामुळे उंच असते. टू-स्ट्रोकसाठी बेतलेल्या फ्रेममध्ये ते सहज बसत नाही. त्यांनी फ्रेम कापली, बदलली आणि जुळवली. १९७७मध्ये बेंग्ट ओबेरी या स्वाराने लक्झेंबर्गच्या ग्रां प्रीतली एक फेरी या गाडीवर जिंकली आणि त्या मोसमात जगात नववा क्रमांक मिळवला. १९७८मध्ये खुद्द यामाहाने 'एचएल ५००' या नावाने अशा गाड्या थोड्या संख्येने बाजारात आणल्या. एच म्हणजे हॉलमन, एल म्हणजे लुंडिन. कारागिरांची आद्याक्षरे कंपनीच्या टाकीवर आली, हे क्वचितच घडते. पुढे १९९८मध्ये यामाहाने 'वायझेड ४०० एफ' विक्रीस काढली आणि फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसमध्ये परतले.

ही परंपरा नंतरही चालू राहिली. होंडाने १९९७मध्ये 'सीआर २५०' या गाडीला ॲल्युमिनियमची फ्रेम दिली. पण दांडग्या 'सीआर ५००'ला ती कधीच दिली नाही आणि २००१च्या मॉडेलनंतर ती गाडी बंद केली. अमेरिकेतल्या कारागिरांनी ५००चे इंजिन त्या ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसवून, कंपनीने जी गाडी केली नाही ती करून दाखवली.

दोन नंबरांची ओळख

आपल्याकडे मोटारसायकलीची ओळख दोन नंबरांवर चालते, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. आरसी बुकात दोघांची गाठ बांधलेली असते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करण्यास मनाई करते आणि ९ जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि बुकात नोंद लागते. ही केवळ कागदी अडवणूक नाही. चोरीच्या गाड्या याच वाटेने रूप बदलतात, आणि कच्चे वेल्डिंग रस्त्यावर तुटले तर जीव जातो. रिकमन बंधूंची कीर्ती मापावर आणि सांध्यावर उभी होती, हे विसरून त्यांचे नाव घेण्यात अर्थ नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना सातवी-आठवीनंतर गॅरेजात गेलेली मुले आम्हा शिक्षकांच्या नोंदवहीत 'गळती' या सदरात पडतात. तिथे ती चेनची सरळ रेषा पाहतात, चिमट्याचा कोन समजून घेतात, वजनाचा तोल हाताने तोलतात. भूमितीच्या तासाला जे फळ्यावर राहिले ते त्यांना लेथवर भेटते. फक्त त्याला कोणी भूमिती म्हणत नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही. इंग्लंडमधल्या शेडमध्ये पाना धरणाऱ्या हाताला इतिहासात नाव मिळाले. आपल्या मोहल्ल्यातल्या उस्तादाला 'जुगाड' हा एकच शब्द मिळतो. हा फरक हुन्नराचा नाही. एकाने माप लिहून ठेवले, रेखाटले, पुन्हा तसेच करता येईल असे केले. दुसऱ्याला लिहायला कोणी शिकवले नाही. ते शिकवणे आमचे काम आहे.

गॅरेजातली भाषाही पाहण्यासारखी आहे. 'कारखाना', 'कारागीर', 'दुरुस्ती' फारसीतून आले, 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून, 'गिअर' आणि 'चेन' इंग्रजीतून. सगळे एका वाक्यात नांदतात आणि काम अडत नाही. ज्या उर्दूत मी शिकवतो तिचे एक जुने नाव 'रेख्ता'. त्याचा एक अर्थ ओतलेले, मिसळलेले. आणि गवंडी ज्याने दगड सांधतो त्या चुन्यालाही तोच शब्द आहे. मिसळ आणि मजबुती या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे त्या काळच्या लोकांना वाटले नसावे. मेतिसचा इतिहास तेच सांगतो. गाडीचे भाग कोणत्या घरचे आहेत यावर तिची लायकी ठरत नाही. ते कसे सांधले यावर ठरते.